वर्कशॉपला तीस जण, कामाला कुणीच नाही

परभणीकर_तूरवाला:
जुन्या फॉन्टातला मराठी मजकूर युनिकोडमध्ये करणारा छोटा कन्व्हर्टर ४ वर्षांपासून सांभाळतोय. पायथनमध्ये आहे, कोड सगळ्यांना खुला. इथले डीटीपीवाले, झेरॉक्सच्या दुकानातली पोरं रोज वापरतात, पण अडलं की फोन मलाच. पोळ्याला पुरणपोळीचं ताट समोर आणि कानाला फोन, ‘सर, वेलांटी उडाली.’

दिवाळीनंतर एका कॉलेजात वर्कशॉप घेतलं. ३० पोरं आली, सुशीला (चुरमुऱ्यांचा उपमा) आणि चहावर ताव मारला, सेल्फी काढल्या. आजवर पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘कोडात हा बदल घ्या’ अशा विनंत्या, आल्या चार. तीन तर रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलीत, स्वतःचं नाव घालायच्या. चौथी खरी होती, पण ती मुलगी पुन्हा फिरकलीच नाही. लोकांना धरून कसं ठेवायचं? प्रमाणपत्र द्यावं का? टी-शर्ट?

औसा_रोड:
टी-शर्टच्या नादी लागू नका हो. २०२० चा हॅक्टोबरफेस्ट आठवा, खुल्या कोडला हातभार लावायचा ऑक्टोबरातला उपक्रम. चार पुल रिक्वेस्टला टी-शर्ट, म्हणून लोकांनी रीडमीत काहीबाही शब्द घुसडून मेंटेनरांचा, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांचा, जीव नकोसा केला. शेवटी महिना संपायच्या आत आयोजकांना नियम बदलावा लागला: जो प्रोजेक्ट स्वतः हो म्हणेल, तिथलंच काम धरायचं.

बरं, त्या मुलीला उत्तर किती दिवसांनी दिलंत?

परभणीकर_तूरवाला:
सव्वा महिन्याने. तुरीची काढणी चालू होती. आणि उत्तर म्हणजे ‘टेस्ट (कोड बरोबर चालतो का बघणाऱ्या तपासण्या) फेल होतायत’, एवढंच.

औसा_रोड:
मग झालं की! पाहुण्याला ओसरीवर बसवून तुम्ही रानात गेलात. ‘बघितलं, आठ दिवसांत सांगतो’ एवढं लिहायला काय लागतं? आणि नवख्याला कामही हातात द्यावं लागतं. लिब्रेऑफिस या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरवाले ‘ईझी हॅक’ म्हणून सोपी कामं बाजूला काढतात, कोडात कुठं बघायचं तेही लिहून ठेवतात. तुमच्याकडे उघड्या इश्यू, म्हणजे न सुटलेल्या तक्रारी, सतरा, मी आत्ताच बघितल्या. त्यातल्या नऊंमध्ये नुसतं ‘चालत नाही’. त्यावर पोरगं काय करील?

नांदेडची_टायपिस्ट:
मला कोडिंग येत नाही, बोलू का? तुमचा कन्व्हर्टर ‘स्थिती’चं ‘सि्थती’ करतो. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी आधी दाबतो आम्ही, युनिकोडात ती साठवताना अक्षराच्या मागून येते. तुमचा प्रोग्राम तिला अर्ध्या ‘स’च्या मागं टाकून मोकळा होतो, ‘थ’पर्यंत नेतच नाही. ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्या’चंही तसंच. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो, दिसायला सारखाच, पण फाईलमध्ये शोधलं की एक सापडतो, एक नाही. असे दोनेकशे शब्द वहीत लिहून ठेवलेत. कोड ठेवतात त्या गिटहबवर माझं खातं नाही. कुठं पाठवू?

परभणीकर_तूरवाला:
ताई, वर्कशॉप तुमच्या दुकानात घ्यायला पाहिजे होतं. पानांचे फोटो इथंच टाका. एकेका शब्दाची एकेक टेस्ट करतो: डावीकडे टाईप केलेलं, उजवीकडे यायला पाहिजे ते. मग पोरांना सांगता येईल, एकच शब्द घ्या, तेवढाच दुरुस्त करा. बदलांच्या यादीत तुमचं नाव पहिलं. त्या मुलीलाही आज लिहितो, उशीर माझ्याकडून झाला म्हणून.

नांदेडची_टायपिस्ट:
टाकते संध्याकाळी. मधल्या काही पानांवर दुधाचा हिशोब आहे, तेवढी सोडा.