'इनोसंट अलार्म'ला 'खोटा इशारा' म्हणावं का?

काथ्याकूट : बंदरात कंटेनरमध्ये लपवलेला किरणोत्सारी माल कसा शोधतात, त्यावरचा मजकूर मराठीत आणतोय. ट्रक दोन खांबांमधून हळू जातो. खांबातले प्लास्टिक सिंटिलेटर (किरण पडले की चमकणारं प्लास्टिक) गॅमा किरण टिपतात, हेलियम-३ च्या नळ्या न्यूट्रॉन. पोटॅश खत, सिरॅमिक फरशा, ग्रॅनाइट असला कायदेशीर मालही इशारा वाजवतो. अशा इशाऱ्याला मुळात 'इनोसंट अलार्म' म्हटलंय. त्याला मी 'खोटा इशारा' लिहिलं, संपादकांनी खोडलं.

अनुस्वार : खोडलं ते बरोबरच. पोटॅशमधलं पोटॅशियम-४० खरोखर १४६० केईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे गॅमा सोडतं. यंत्र खरंच बोललं! काही नसताना नुसत्या मोजणीच्या चढउतारानं वाजला, तर तो खोटा. इथे 'निर्धोक इशारा' लिहा.

खडीसाखर : 'निर्धोक' तर अजिबात नको. माल निर्धोक आहे हे ठरतं नंतर. प्लास्टिक सिंटिलेटरला ऊर्जा नीट वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून ट्रक बाजूला घेऊन सोडियम आयोडाइड किंवा जर्मेनियमच्या हातयंत्रानं वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे गॅमा किती याचा आलेख, घ्यावा लागतो. १४६० ला शिखर म्हणजे पोटॅशियम, १८६ ला दिसलं तर युरेनियम-२३५ चा संशय. रेडियम-२२६ चं शिखरही तिथंच येतं, म्हणून रेडियमची इतर शिखरंही बघायची. आणि न्यूट्रॉनचा इशारा असेल तर खताचं कारण चालतच नाही. प्लुटोनियमची शंका आधी घ्यायची.

अवग्रह : मूळ मजकुरात 'किरणोत्सार मोजतात' असं असेल तर आधी ते सुधारा. किरणोत्सार हा अणुकेंद्राचा गुण, बाहेर पडतं ते प्रारण. 'अर' म्हणजे चाकाचा आरा, त्यातूनच अरीय आणि प्रारण. इतका नेटका शब्द असताना हिंदीतलं 'विकिरण' कशाला?

अनुस्वार : व्युत्पत्ती सुंदर आहे, पण खांबाशी उभा असलेला माणूस 'रेडिएशन'च म्हणतो. सूचना त्याच्यासाठी आहे, कोशासाठी नाही.

अवग्रह : वापरलाच नाही तर रुळणार कसा?

खडीसाखर : त्यापेक्षा अडचणीचा शब्द पुढे आहे. भरलेला ट्रक खांबांत शिरला की मोजणी आधी *खाली* जाते, कारण जमिनीतून येणारं रेडिएशन मालच अडवतो. इशाऱ्याची पातळी रिकाम्या रस्त्याच्या मोजणीवर बेतली, तर क्षीण स्रोत त्या खड्ड्यातच बुडतो. या घटीला मी 'झाकोळ' म्हणेन.

अवग्रह : झाकोळ उजेडाचा असतो. 'पार्श्वप्रारण-घट' लिहा.

काथ्याकूट : हे वाचून तपासनीस काय करेल? 'झाकोळ' घेतो. पण इशाऱ्याचं काय?