समस्थानिक तोच असला तरी मात्रा तीच नसते
पेट स्कॅनसाठी टोचल्या जाणाऱ्या नव्या ट्रेसरमध्येही (शरीरात माग काढता येणाऱ्या किरणोत्सारी द्रव्यातही) फ्लोरिन-१८ हाच किरणोत्सारी समस्थानिक असल्यामुळे त्याचा डोस, म्हणजे शरीराला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा, नेहमीच्या एफडीजी या ग्लुकोजसदृश ट्रेसरइतकाच धरावा, असा एक युक्तिवाद केला जातो. ते मला पटत नाही. ११० मिनिटांचा अर्धायुकाल (किरणोत्सारी क्रियाशीलता निम्मी होण्याचा काळ) दोन्हींत समान असला, तरी रेणू कोणत्या अवयवात किती वेळ रेंगाळतो आणि पित्तावाटे बाहेर पडतो की मूत्रावाटे, यावर त्या त्या अवयवाला मिळणारी मात्रा ठरते. म्हणूनच पहिल्या मानवी चाचणीत मोजक्या स्वयंसेवकांचे काही तासांत अनेकदा संपूर्ण शरीराचे स्कॅन घेऊन, प्रत्येक अवयवातील क्रियाशीलता काळानुसार कशी घटते हे पाहूनच मात्रेचे गणित केले जाते. तुलनेसाठी, प्रौढांत एफडीजीचा इफेक्टिव्ह डोस (सर्व अवयवांचा विचार करून काढलेली एकत्रित मात्रा) टोचलेल्या क्रियाशीलतेच्या दर मेगाबेक्वेरेलला सुमारे ०.०१९ मिलिसीव्हर्ट (मात्रेचे एकक) धरतात, म्हणजे ३७० मेगाबेक्वेरेलला साधारण ७ मिलिसीव्हर्ट. पेटसोबत घेतल्या जाणाऱ्या सीटी (क्ष-किरण) स्कॅनची मात्रा वेगळी, आणि चर्चेत ती हमखास विसरली जाते. एफडीजीत सर्वाधिक मात्रा मूत्राशयाच्या भित्तीला मिळत असल्याने भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवीला जाण्याची सूचना निव्वळ औपचारिक नसते. पित्तावाटे जाणाऱ्या ट्रेसरमध्ये मात्र त्या सूचनेचा फारसा उपयोग होत नाही. रासायनिक विषारीपणाची चिंता तुलनेने कमी, कारण टोचलेल्या द्रव्याचे वस्तुमान बहुधा मायक्रोग्रॅमांत असते. झिर्कोनियम-८९ या दुसऱ्या समस्थानिकाचा अर्धायुकाल तर सुमारे ७८ तासांचा, त्यामुळे तो जोडलेल्या प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडींच्या) ट्रेसरमध्ये टोचलेली क्रियाशीलता बरीच कमी ठेवूनही डोस एफडीजीच्या कित्येक पट होऊ शकतो.