जिप्सी घेताना इंजिनाआधी खाली वाकून बघा

इंदूरजवळच्या महूची १९९८ची मारुती जिप्सी (जीपसारखी फोर-बाय-फोर गाडी), इंजिन खणखणीत, डागडुजी घरीच करायची, घेऊ का? असं विचारलंय तुम्ही, आणि वरच्या उत्तरांत सगळे इंजिनावरच बोलतायत. अहो, ते १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन साधं, सरळ आहे. खिसा रिकामा करतो तो गंज. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा जिथे हलत्या कडीने अडकवलेला असतो तिथे, चॅसीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) स्क्रूड्रायव्हर जोरात टोचून बघा. ताजा काळा रंग दिसला तर दोनदा टोचा, खाली गंज लपवलेला असू शकतो. मग पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. ढिलेपणा जाणवला आणि चाकामागच्या लोखंडी गोळ्यावर पातळ तेल ओघळलेलं असलं, तर एक्सलचं (चाकाच्या दांड्याचं) तेल अडवणारं सील गेलंय, गोळ्यातलं ग्रीस धुतलं जातंय. किंगपिनची (ज्या खिळीवर चाक वळतं तिची) बेअरिंगंही बहुधा बदलावी लागतील. अवघड नाही, पण चिकट काम. एक रविवार पुरत नाही.

कागदांचं म्हणाल तर १५ वर्षांनंतर नोंदणी ५-५ वर्षांनीच वाढते, आरसीवरची मुदत बघा. महूजवळच्या चोरल-पातालपानीपर्यंत साधी मारुती ८००ही जाते हो, तेव्हा ही हौसच समजा. रोज ऑफिसला दुसरी गाडी हवीच.

आणि बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, इंजिन तापवून ठेवू नका; थंड असताना ते कसं सुरू होतं तेच बघायचंय.