नायट्रोवर पायाखाली फरशीच नसते म्हणे?

डिचोलीकर:
दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कात जायचं घाटतंय. थिवीहून कोकणकन्या धरायची, पहाटे पनवेलला उतरायचं. मुलगी तेरा वर्षांची, तिला फक्त तिथल्या नायट्रो रोलर कोस्टरवर बसायचंय. मी म्हणजे म्हापशाच्या फेस्तातला पाळणा वर जाऊन थांबला की डोळे मिटून घेणारा माणूस. नायट्रोला फ्लोअरलेस म्हणतात, म्हणजे नक्की काय? आणि तो बनवणारी बी अँड एम कंपनी एवढी नावाजलेली का आहे?

वास्को_फिटर:
गोदीत वेल्डिंग-फिटिंग करून २२ वर्षं झाली, त्यामुळे माझी नजर जरा वेगळीकडे जाते. २०१८ साली पोराबरोबर नायट्रोच्या रांगेत उभा होतो. सगळे वर बघून किंचाळत होते, मी खांबाचे जोड बघत होतो. पोरगा म्हणाला, "बाबा, इथे तरी काम सोडा."

बी अँड एम म्हणजे बोलिगर अँड माबियार. वॉल्टर बोलिगर आणि क्लॉड माबियार या दोन इंजिनियरांनी १९८८ साली स्वित्झर्लंडमधल्या मोंते गावात काढलेली. त्यांचा पहिला कोस्टर १९९० चा, अमेरिकेत, चक्क उभं राहून बसायचा (की उभं राहून उभं राहायचा?). पुढे तो दुसऱ्या पार्कात नेला आणि २०१९ मध्ये गाडी बदलून फ्लोअरलेस केला. बघा, रूळ तोच, आसनं बदलली.

या लोकांचा खेळच तो आहे. १९९२ मध्ये शिकागोजवळच्या बॅटमॅन नावाच्या कोस्टरला त्यांनी रूळ डोक्यावर नेला आणि माणसं खाली लटकवली. १९९८ मध्ये इंग्लंडात ऑब्लिव्हियन केला: गाडी कड्यावर आणून क्षणभर धरून ठेवतात, तुम्ही खालचा खड्डा पोटभर बघता, मग सोडतात. इटलीतल्या २०११ च्या रॅप्टरला माणसं रुळाच्या दोन्ही बगलांना, वर काही नाही, खाली काही नाही. पालथं झोपवून नेणाराही एक प्रकार आहे, तो मला नको.

फ्लोअरलेसमध्ये गाडी रुळाच्या वरच असते, फक्त तिला तळ नसतो. तुम्ही बसता तेव्हा पायाखाली फलाटाची फळी असते. खांद्यावरचे दांडे तपासून झाले की ती फळी सरकते आणि चपलेखाली थेट रूळ दिसतो. माझ्या पोटात गोळा आला तो तिथेच, पुढच्या उलट्या-पालट्यांत नाही.

आणि गाडी उलटी झाली तरी पडत का नाही, तर चाकं रुळाला तीन बाजूंनी धरून असतात: वरून, बगलेने आणि खालून. इंजिन नाही. साखळीने वर ओढायचं, पुढचं सगळं उताराच्या जोरावर. लूपही नीट बघा, गोल नसतो, थेंबासारखा असतो. तळाशी वेग सर्वात जास्त, म्हणून तिथे वळण मोठं ठेवतात, नाहीतर मान मोडेल.

आता पाळण्याचं. एका जत्रेत तोरा-तोरा या गरगर फिरणाऱ्या खेळातल्या एका डब्याची पिन बाइंडिंग वायरने बांधलेली मी स्वतः बघितलीय. चालवणाऱ्याला दाखवली तर म्हणतो, "काय होत नाही, दादा." त्या दिवसापासून मी डोळे मिटतो ते जत्रेत.

पर्वरीची_मावशी:
फिटरबाब, तुम्ही पिना मोजा, मी कामाचं सांगते. पट्टा नसलेल्या चपला घालून जाऊ नका, पाय लोंबकळतात. चष्मा, मोबाईल वर नेऊच नका. मुलीची उंची घरीच मोजा, नाहीतर दारात पट्टी लावल्यावर रडारड होते. पहिल्यांदा मधल्या रांगेत बसा. शेवटच्या रांगेला माथ्यावरून खेचल्यासारखं होतं, माझ्या भाच्याला तेच आवडतं, मला नाही. आणि आधी जेवू नका गे बाय, म्हणजे तिला सांगा.

डिचोलीकर:
देव बरें करूं दोघांनाही. मुलीला वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "फळी सरकते तेव्हा आवाज येतो का?"

वास्को_फिटर:
आला असेल. मी "आईगं" म्हटलं त्यात ऐकू आला नाही.