मुलगा दोन वर्षांचा झाला, मोजकेच शब्द बोलतो. घरात तीन भाषा आहेत म्हणून असं होतंय का?

फोंड्याची आई:
माझा मुलगा नुकताच दोन वर्षांचा झाला. आम्ही दोघं त्याच्याशी मराठी बोलतो, सासूबाई कोंकणी आणि आता प्लेस्कूलात इंग्लिश. आई, बाबा, बश, माऊ, दी (कोंकणीत दे), नाका (नको) असे वीसेक शब्द येतात, पण दोन शब्द जोडून काहीच बोलत नाही. कळतं मात्र सगळं, चप्पल आण म्हटलं की आणतो, कदंबची बस दिसली की बोट दाखवतो आणि मी बघितली का म्हणून माझ्याकडे वळून बघतो. सासूबाई म्हणतात याचे बाबा पण उशिरा बोलले, वेखंड उगाळून चाटव. शेजारची ताई म्हणते तीन भाषांनी गोंधळलाय. प्लेस्कूलच्या टीचर म्हणतात घरी पण इंग्लिशच बोला. खरंच मराठी बंद करायची का?

मडगावची स्पीच थेरपिस्ट:
ताई, एकही भाषा बंद करू नका, आणि आजीची कोंकणी तर अजिबात नको. जास्त भाषा कानावर पडल्याने बोलणं उशिरा येत नाही, गोव्यातली बहुतेक मुलं अशीच वाढतात. जी भाषा तुम्हाला मनापासून येते तीच बोला, तोडकंमोडकं इंग्लिश बोलायला लागलात तर तुमचं त्याच्याशी बोलणंच कमी होईल. शब्द मोजताना तिन्ही भाषांतले मिळून मोजा. तरी दोन वर्षांना साधारण पन्नास शब्द आणि 'बाबा ये', 'दूध दी' अशी जोडी यायला हवी, म्हणजे हा मागे आहे हे खरं. तो बोट दाखवतो, वळून तुमच्याकडे बघतो ही फार चांगली खूण आहे. पण आधी कान तपासून घ्या, बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, ईएनटी (कान-नाक-घसा विभाग) आहे. सारखी सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, मग ऐकू येतं पण दबलेलं, आणि हातवारे बघून मूल चप्पल बरोबर आणतं त्यामुळे घरच्यांना शंकाच येत नाही.

साखळीकर:
आमची मुलगी पण उशिरा बोलली. जेवताना मोबाईल पूर्ण बंद केला, घरात कटकट झाली पण केला. मी बांगडे साफ करायला बसले की ती समोर, मग हे शेपूट, हे डोळे, आता धुवूया असं बोलत राहायचं आणि मधे थांबायचं. थांबणं महत्त्वाचं, आपण लगेच पुढचं बोलून टाकतो नि पोराला जागाच मिळत नाही. ती नुसतं 'माशे' म्हणाली की मी म्हणायचे हो, मोठे माशे. परत म्हण म्हणून मागे लागायचे नाही.

डिचोलीचा बाबा:
मुलगे उशिराच बोलतात हो, तीन वर्षं थांबा.

मडगावची स्पीच थेरपिस्ट:
दादा, खूप मुलं आपोआप बरोबरीला येतात हे खरं आहे, पण कुठलं येईल आणि कुठलं मागे राहील हे आधी सांगता येत नाही, म्हणून थांबा असं मी कुणालाच सांगत नाही. आणि येत असलेले शब्द मूल विसरायला लागलं, किंवा हाक मारल्यावर बघत नसेल, तर कुठल्याही वयात लगेच डॉक्टरांकडे न्या.

फोंड्याची आई:
सर्दी तर त्याला सारखीच असते, हे लक्षातच आलं नव्हतं. आणि वेखंडाचं काय?

मडगावची स्पीच थेरपिस्ट:
वेखंडाने बोलणं येत नाही, नका देऊ. ईएनटीला जाताना तो बोलतो ते सगळे शब्द लिहून न्या, आजींनाही विचारा, त्यांच्यासमोर बोलतो ते काही तुमच्या कानावर आलेले नसतील.