शब्दचर्चा : 'वेलोचिता'ची नोंद एक की दोन?

प्रश्न : अनुवादकांसाठी इंग्रजी-इटालियन विज्ञानपरिभाषेची सूची करताना 'स्पीड' आणि 'व्हेलॉसिटी' या दोन्ही शब्दांसमोर मला 'वेलोचिता' हाच शब्द लिहावा लागला. दोन्ही इंग्रजी शब्द एकाच ओळीत घेतले तर चालेल का?

उत्तर : घेऊ नयेत. चालीला ('स्पीड') केवळ परिमाण असते आणि वेगाला ('व्हेलॉसिटी') दिशाही असते, हे आपण शाळेत शिकलो. म्हणजे या बाबतीत मराठी इंग्रजीसारखीच काटेकोर आहे. इटालियनचे मात्र एका शब्दावर भागते आणि भेद दाखवायची वेळ आलीच, तर त्याच शब्दाला 'स्कालारे' (अदिश) किंवा 'वेत्तोरिआले' (सदिश) हे विशेषण जोडले जाते. म्हणून नोंद शब्दाची न करता संकल्पनेची करावी आणि प्रत्येक नोंदीत व्याख्या, विषयक्षेत्र, वापराचे एखादे वाक्य व आधार द्यावा. युरोपीय संघाचा आयएटीई हा परिभाषासंग्रह, जो 2007 पासून सर्वांसाठी खुला आहे, याच तत्त्वावर रचलेला आहे.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांना तर अधिकच जपावे लागते. इंग्रजीतले 'सिलिकॉन' हे मूलद्रव्य इटालियनमध्ये 'सिलीचो' होते, तर 'सिलिकोने' म्हणजे फटी बुजवायला वापरतात तो रबरासारखा पदार्थ. (मराठीत आपण दोहोंना सर्रास 'सिलिकॉन' म्हणतो, तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.)

प्रश्न : व्याख्या लिहिण्यात फार वेळ जातो. नुसता प्रतिशब्द पुरणार नाही का?

उत्तर : पुरणार नाही, आणि का ते एका उदाहरणावरून पाहा. इटालियन गणितज्ञ मारिया गाएताना आन्येझी यांनी 1748 साली मिलानमध्ये प्रसिद्ध केलेल्या गणितग्रंथात एका वक्राला 'वेर्सिएरा' म्हटले आहे, हे नाव 'वळणे' या अर्थाच्या लॅटिन धातूशी जोडलेले आहे. केंब्रिजचे प्राध्यापक जॉन कोल्सन यांनी भाषांतर करताना तो शब्द सैतानीण या अर्थाच्या 'अव्वेर्सिएरा'सारखा वाचला असावा, कारण 1801 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या इंग्रजी ग्रंथात त्या वक्राची चक्क चेटकीण झाली आणि इंग्रजीत ती आजही 'विच ऑफ अग्नेसी', म्हणजे आन्येझींची चेटकीण, आहे. आता हाच शब्द इटालियनमध्ये उलट नेताना नुसत्या प्रतिशब्दांची सूची हाताशी असलेला अनुवादक 'स्त्रेगा', म्हणजे चेटकीण, असे लिहून मोकळा होईल. तुमच्या नोंदीत वक्राचे समीकरण आणि 'भूमिती' एवढे जरी असले, तरी त्याचा हात 'वेर्सिएरा'कडेच जाईल.