काळं पाणी परत सुरू करा म्हणे!

खवट_काका: काल एका शहाण्याने लिहिलंय, "कैद्यांना फुकट पोसण्यापेक्षा बेटावर नेऊन सोडा, इंग्रज बरोबर होते." अहो, सोडलं नव्हतं! १० मार्च १८५८ ला २०० कैदी पोर्ट ब्लेअरला उतरवले आणि लगेच जंगल तोडायला जुंपले. जे पळाले त्यातल्या ऐंशीहून जास्त जणांना तिथल्या अधीक्षकाने, वॉकरने, फासावर चढवलं. आणि जहाजं, पहारेकरी, रेशन हे काय आकाशातून पडायचं?

मुळशीकर: अर्धवट सांगू नका. काही वर्षं काढली की तिकीट, म्हणजे तिथेच स्वतः कमवून राहायची परवानगी, मिळायचं, जमीन मिळायची, लग्नं व्हायची. माझे मामा पोर्ट ब्लेअरला नोकरीला होते, घरमालक अशाच कैद्याचा पणतू, जात विचारली की नुसता हसायचा. इथे आमच्या सोसायटीत अजून आडनाव बघून फ्लॅट देतात.

खवट_काका: पणतू हसतोय म्हणून पणजोबाचे हाल माफ? आणि लग्नं म्हणे! कैदी बायकांना रांगेत उभं करून पसंत करायचे.

सातारी_तडका: अंदमान कशाला, महाबळेश्वरला १८३४ पासून तीसेक वर्षं चिनी आणि मलाय कैदी होते. बटाटे लावायला, वेताच्या टोपल्या विणायला त्यांनीच शिकवलं. आपले कैदी सिंगापूरला, तिकडचे इकडे.

अरू_ठाणे: स्ट्रॉबेरी पण त्यांचीच ना? गाईड म्हणाला.

सातारी_तडका: गाईड काय, घोडेवालाही सांगेल. मी बटाटे म्हणालो.

अरू_ठाणे: चिडताय कशाला? तुमच्याकडचे लोक खोक्यात वर लालभडक आणि खाली सडकी भरतात, त्यावर बोला आधी. गेल्या वर्षी तीन खोकी फेकली मी!

सातारी_तडका: मग पुण्यात घ्यायची, घाट चढून कशाला येता?? सीझन संपल्यावर यायचं आणि आम्हाला चोर म्हणायचं.

मुळशीकर: धागा कैद्यांचा आहे का फळांचा?

सातारी_तडका: बरं, कैद्यांचं. वसाहतच हवी तर आटपाडीचं स्वतंत्रपूर, कैद्यांचं खुलं कारागृह, बघा, औंध संस्थानाने १९३९ ला काढलेलं. बायकापोरांसकट राहतात, शेती करतात, समुद्र लागत नाही.

मुळशीकर: मी वेगळं काय म्हणत होतो?

खवट_काका: वा! पण तिथे वागणूक बघून निवडून पाठवतात. कालच्या शहाण्याला जो गुंड बेटावर टाकायचाय तो तिथे पोचणारच नाही. तिकिटाचा मुद्दा मात्र मान्य, घ्या, खूश?

अरू_ठाणे: ते बटाट्याचं कुठे वाचलंत?

सातारी_तडका: साताऱ्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये.

अरू_ठाणे: असेल मग. खोक्यांचे पैसे तेवढे परत द्या.